हलकी गाडी, दांडगे इंजिन आणि एका श्वासाचा उशीर

हिवाळ्यातली सकाळ. शॉवरचा गरम पाण्याचा नळ थोडा सोडला, पाणी गारच. आणखी सोडला, तरी गारच. वैतागून पूर्ण सोडला आणि पुढच्याच क्षणी अंगावर कढत पाणी. दचकून नळ एकदम बंद केला, तर थोड्या वेळाने पुन्हा बर्फासारखे गार. नळ नादुरुस्त नसतो, गिझरही ठीक असतो. आपण दिलेला हुकूम आणि त्याचा परिणाम यांच्या मधे जो थोडा वेळ जातो, त्याची ही सारी करामत.

नेमका हाच उशीर अर्ध्या शतकापूर्वी एका हलक्या स्पोर्ट्स कारच्या चालकांना भलताच महागात पडला. ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जर्मनीच्या पोर्शे कंपनीने ९११ टर्बो ही गाडी मांडली. कंपनीच्या अंतर्गत क्रमांकानुसार तिला ९३० म्हणत. जाणकारांनी मात्र तिला पुढे वेगळेच नाव दिले, 'विडोमेकर', म्हणजे बायकांचे कुंकू पुसणारी. गाडीत दोष होता असे कोणी म्हणत नव्हते. हलक्या अंगाच्या गाडीत दांडगे टर्बो इंजिन बसवले की काय काय बदलते आणि चालकाच्या मेंदूपुढे कोणता पेच उभा राहतो, हे या गाडीने जगाला दाखवून दिले. आज टर्बो इंजिन अगदी मध्यमवर्गीय गाड्यांतही आले आहे आणि गल्लोगल्ली 'पॉवर वाढवून देतो' म्हणणारी गॅरेज आहेत. म्हणून ही जुनी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

इंजिनाची धाप

इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते असे आपल्याला वाटते. खरी अडचण असते ती हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे आत सोडता येते. हवा मात्र सिलिंडरला स्वतःच ओढून घ्यावी लागते, आणि सिलिंडरच्या मापापेक्षा जास्त ती मावत नाही.

माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा श्वासावाटे घेतो. ३ लिटरचे इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांनी पळत असेल, तर गणिताने ते मिनिटाला सव्वाआठ हजार लिटर हवा ओढते. हजार माणसांचा श्वास एकट्या इंजिनाचा. तरीही ते उपाशीच असते. विमानाने लेहला उतरलेल्या पर्यटकाला दोन जिने चढताना धाप लागते, तशी उंचावर इंजिनालाही लागते, कारण तिथे हवा विरळ असते.

१९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने यावर एक युक्ती सुचवून तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला आणि जोरात असतो. त्याच्यातली ऊर्जा सायलेन्सरवाटे फुकट जाते. त्या धुराच्या वाटेत पाणचक्कीसारखे एक छोटे चक्र ठेवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंख्यासारखे दुसरे चक्र बसवायचे. धुराने पहिले फिरले की दुसरे फिरते आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. यालाच पुढे टर्बोचार्जर हे नाव पडले. म्हणजे इंजिनाने टाकलेल्या उच्छ्वासावरच त्याचा पुढचा श्वास मोठा करायचा.

कल्पना कागदावर सोपी होती. प्रत्यक्षात लालभडक तापणारे, मिनिटाला हजारो फेरे घेणारे चक्र टिकवायला पुढची दोन दशके लागली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेले. पायथ्याच्या जगात ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० वर आले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. विरळ हवेतही इंजिनाला पोटभर श्वास मिळाला. विसाव्या दशकात जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो लागला आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांनाही.

जहाज आणि विमान यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हींची इंजिने तासन्‌तास एकाच गतीने चालतात. मोटारीचे तसे नाही. सिग्नल, वळण, गतिरोधक, ओव्हरटेक. चालकाचा पाय क्षणोक्षणी वर-खाली होत असतो. टर्बोची खरी परीक्षा इथे होती.

गाडीत टर्बो आला

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन गाड्या टर्बोसह बाजारात आल्या. जेटफायरच्या साडेतीन लिटर इंजिनात हवा थंड ठेवण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा फवारा मारावा लागे. त्याची वेगळी टाकी होती. ती संपली की भरायची, एवढेच काम ग्राहकाकडे होते. पण अनेकांनी ते केले नाही. टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद आपोआप कमी केली जाई आणि मालक तक्रार घेऊन येत. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. यंत्र कितीही हुशार असले तरी ते माणसाच्या सवयींशी जुळले पाहिजे, हा टर्बोने शिकवलेला पहिला धडा.

१९७३ च्या सप्टेंबरमध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो ही १७० अश्वशक्तीची छोटी गाडी आणली. तिच्या पुढच्या भागावर 'टर्बो' ही अक्षरे उलटी रंगवता येत, म्हणजे पुढच्या चालकाला आरशात ती सुलटी दिसावीत आणि त्याने वाट द्यावी. या उर्मटपणावर जर्मनीत टीका झाली. महिन्याभरात तेलसंकट आले, पेट्रोल महागले आणि जेमतेम १,६७२ गाड्या बनवून कंपनीने हा प्रयोग गुंडाळला.

पोर्शेचा रस्ता शर्यतीच्या मैदानातून आला. हान्स मेत्झगर या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेल्या ९१७ या बारा सिलिंडरच्या गाडीला टर्बो जोडून कंपनीने उत्तर अमेरिकेतली कॅन-ॲम स्पर्धा १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दुसऱ्या वर्षी मार्क डोनोह्यू चालवत असलेल्या ९१७/३० गाडीची ताकद हजार अश्वशक्तीच्या पुढे होती. १९७४ च्या ल मॉं येथील २४ तासांच्या शर्यतीत फक्त २.१ लिटरच्या टर्बो इंजिनाची ९११ दुसरी आली. त्यानंतर कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान यांनी हे तंत्र रस्त्यावरच्या गाडीत आणायचे ठरवले.

१९६४ ची मूळ ९११ गाडी २ लिटरची, १३० अश्वशक्तीची आणि साधारण १,०८० किलोची होती. टर्बोचे इंजिन ३ लिटरचे, २६० अश्वशक्तीचे. गाडीचे वजन १,१४० किलो. दहा वर्षांत ताकद बरोबर दुप्पट झाली आणि वजन वाढले फक्त साठ किलोने. आपल्याकडच्या ९०० किलोच्या, ९० अश्वशक्तीच्या साध्या गाडीत प्रत्येक अश्वाच्या वाट्याला दहा किलोचे ओझे येते. या गाडीत ते साडेचार किलोंच्याही खाली होते. हलक्या गाडीत दांडगे इंजिन घालण्याचे आकर्षण या एका भागाकारात आहे. ताकद वाढवली तरी आकडा सुधारतो, वजन घटवले तरी सुधारतो. दोन्ही एकदम केले की गाडी तोफगोळ्यासारखी सुटते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागे आणि कमाल वेग ताशी २५० होता. १९७५ साली रस्त्यावर हे आकडे अचाट होते.

दाबलेली हवा तापते

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे अनेकांनी लहानपणी अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. टर्बोमध्येही तेच होते.

९३० च्या टर्बोचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.८ बार जास्त होता. म्हणजे इंजिनात शिरणारी हवा जवळपास १.८ पट दाबलेली. मग ८० टक्के जास्त हवा आत जायला हवी. पण २५ अंशांची हवा इतकी दाबल्यावर, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, १०० अंशांच्या आसपास तापते. गरम हवा फुगते, विरळ होते. त्यामुळे प्रत्यक्ष फायदा साधारण ४३ टक्क्यांवर येतो. तीच हवा वाटेत रेडिएटरसारख्या जाळीतून नेऊन ५० अंशांपर्यंत थंड केली, तर फायदा ६५ टक्क्यांच्या पुढे जातो. या जाळीला इंटरकूलर म्हणतात. पहिल्या ९३० मध्ये तो नव्हता. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले तेव्हा मागच्या मोठ्या शेपटीखाली इंटरकूलर बसला आणि ताकद ३०० अश्वशक्ती झाली.

गरम हवेचा दुसरा धोका अधिक गंभीर असतो. ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधले मिश्रण जागोजागी आपोआप पेटते आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात. मेकॅनिक याला 'नॉकिंग' म्हणतात. टर्बो इंजिनात ते काही मिनिटांतही पिस्टनला भोक पाडू शकते. ते टाळण्यासाठी पोर्शेने पिस्टनने मिश्रण दाबण्याचे प्रमाण ६.५ ला १ इतके कमी ठेवले. त्याच सुमाराच्या बिगरटर्बो ९११ कॅरेरामध्ये ते ८.५ होते.

आणि याची किंमत चालकाला मोजावी लागली. टर्बो जोरात फिरत नसताना हे इंजिन साध्या इंजिनापेक्षाही मंद होते. फेरे साडेतीन हजारांच्या आसपास गेले की धुराचा जोर वाढे, चक्र वेग घेई आणि मग साठवून ठेवल्यासारखी सारी ताकद एकदम येई. पाय दाबणे आणि ताकद येणे यांच्यातल्या या अंतराला 'टर्बो लॅग' म्हणतात. पहिल्या पानावरचा गिझर तो हाच.

मेंदू का फसतो?

डोळ्याने दिसलेल्या इशाऱ्यावर बोट हलवायला निरोगी तरुणालाही साधारण पाव सेकंद लागतो. रस्त्यावर अनपेक्षित काही घडले तर ते ओळखणे, ठरवणे आणि पाय हलवणे यात एक ते दीड सेकंद सहज जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते.

मग माणूस इतक्या वेगाने गाडी चालवू शकतो तरी कसा? कारण आपला मेंदू घडून गेलेल्या गोष्टीची वाट पाहत बसत नाही. मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू सतत अंदाज बांधत असतो. पाय इतका दाबला तर गाडी इतकी ओढेल, स्टीअरिंग इतके फिरवले तर इतकी वळेल, हे त्याने सरावाने आत मांडून ठेवलेले असते. अंदाज आणि अनुभव जुळत राहिले की आपल्याला गाडी 'हातात बसली' असे वाटते. क्लच सोडताना नवशिक्याची गाडी बंद पडते आणि महिन्याभराने पडत नाही, त्याचे कारण हेच.

टर्बो लॅग हा अंदाजच बिघडवतो. उशीर नेहमी सारखा असता तर मेंदू तोही शिकला असता. पण तो गिअरवर, फेऱ्यांवर, आधी पाय किती वेळ उचललेला होता त्यावर बदलत जातो. कधी पाव सेकंद, कधी सेकंदाहून जास्त. चालक पाय दाबतो, काही होत नाही. मेंदू म्हणतो, कमी पडले, आणखी दाब. तोपर्यंत पहिल्या हुकुमाची ताकद येऊन पोचते, आणि तिच्या पाठोपाठ दुसऱ्याही. उशिराने येणाऱ्या उत्तरावर सुधारणा करत गेले की चूक वाढत जाते, हे नियंत्रणशास्त्रातले जुने सूत्र आहे.

सरळ रस्त्यावर याने फक्त पाठ सीटला आपटते. वळणावर मात्र प्रकरण जिवावर येते.

टायरचा पगार

गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेपुरता असतो. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. ती वळण्यावर खर्च करा, ब्रेकवर करा किंवा वेग वाढवण्यावर. एकूण बेरीज पगारापलीकडे जाऊ शकत नाही. वळणावर टायरने बहुतेक पगार वळण्यातच घातलेला असतो. त्यात मागच्या चाकांवर अचानक दीडपट ताकद आली की खाते रिकामे होते. चाक घसरते आणि गाडीची शेपटी बाहेर जाते.

अशा वेळी प्रत्येक माणसाचे शरीर एकच गोष्ट करते, घाबरून पाय उचलते. इतर बहुतेक गाड्यांत हे निभावून जाते. ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले आहे आणि गाडीचे साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे आहे. पाय उचलताच वजनाचा भार पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. मग जड शेपटी पुढे यायला बघते, जशी फेकलेली हातोडी जड टोक पुढे करते. दाबणे, वाट पाहणे, दणका, घाबरून सोडणे आणि गिरकी. हे सगळे दोन-तीन सेकंदांत संपते. चालकाच्या मेंदूला नीट विचार करायला त्यातले एखादेच सेकंद मिळते.

अनुभवी चालकांनी यावर उलटी सवय लावून घेतली. वळणाआधी सरळ रेषेतच वेग पूर्ण कमी करायचा, वळणात पाय हलका पण स्थिर ठेवायचा आणि गाडी सरळ होऊ लागली की मगच ताकद मागायची. शर्यतीच्या मैदानावर हे शिकता येते. हौसेने गाडी घेतलेल्या माणसाला ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा हे कळणे म्हणजे फार उशिरा कळणे.

इंजिन बदलले की गाडी बदलते

'इंजिन तेवढे मोठे बसवू' असे म्हणणाऱ्यांसाठी ९३० च्या पुढच्या पंधरा वर्षांचा इतिहास बोलका आहे. इंजिनाचा पीळ इतका वाढला की ९११ ची पाच गिअरची पेटी तो सोसण्याजोगी नव्हती. कंपनीला चार गिअरची नवी, दणकट पेटी करावी लागली. ताकदीला पेलणारी पाच गिअरची पेटी १९८९ मध्ये आली. मागचे टायर रुंद करावे लागले, त्यासाठी मडगार्ड फुगवावे लागले. वेगात गाडीचा मागचा भाग उचलला जाऊ नये म्हणून मोठी शेपटी लावावी लागली.

ब्रेकचा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. चालकासह १,२०० किलोच्या गाडीला ताशी २०० किलोमीटरवरून थांबवताना जी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तिच्यात खोलीच्या तापमानाचे जवळपास सहा लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. ती सारी काही सेकंदांत चार तबकड्यांमध्ये जिरवायची असते. ताशी १०० वरून चांगल्या रस्त्यावर ५० मीटरच्या आत थांबणारी गाडी २०० वरून थांबायला १९० मीटरच्या आसपास घेते, आणि चालकाचा प्रतिक्रियेचा सेकंद त्यात धरलेला नाही. पहिल्या ९३० चे ब्रेक जवळपास साध्या ९११ सारखेच होते. १९७८ च्या मॉडेलला थेट ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले मोठे, भोके पाडलेले ब्रेक द्यावे लागले.

म्हणजे इंजिन हे एका साखळीचे पहिले टोक आहे. क्लच, गिअरपेटी, शाफ्ट, सस्पेन्शन, टायर, ब्रेक, इंधनाची व्यवस्था, तेल आणि पाणी थंड ठेवणारी यंत्रणा. पहिली कडी जाड केली की पुढची सर्वांत बारीक कडी तुटते. ती कोणती, हे बहुधा अपघातानंतरच कळते.

जंगलातल्या शर्यती

या गणिताचे टोक १९८० च्या दशकातल्या 'ग्रुप बी' रॅलींमध्ये गाठले गेले. बंद मैदानाऐवजी डोंगरातल्या, जंगलातल्या अरुंद रस्त्यांवर या शर्यती होत. लॅन्सिया डेल्टा एस-४ ही गाडी साधारण ८९० किलोची आणि तिचे इंजिन जेमतेम पावणेदोन लिटरचे, तरीही ताकद ५०० अश्वशक्तीच्या जवळ. टर्बोचा उशीर भरून काढण्यासाठी तिला इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालणारा सुपरचार्जरही जोडलेला होता. कमी फेऱ्यांना तो हवा देई, वर गेल्यावर टर्बो. एका अश्वाच्या वाट्याला दोन किलोंपेक्षा कमी वजन!

मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षकांचा जीव गेला. त्याच वर्षी २ मे रोजी फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर फिनलंडचा २९ वर्षांचा हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो यांची डेल्टा एस-४ एका वळणावर रस्ता सोडून दरीत कोसळली आणि पेटली. दोघेही जागीच गेले. अपघाताचे नेमके कारण कधीच निश्चित झाले नाही. पण जगातल्या सर्वोत्तम चालकांच्या हातीही या गाड्या सुरक्षित नाहीत, एवढे नियामकांना पटले. पुढच्या वर्षापासून ग्रुप बी गाड्यांवर जागतिक रॅलीत बंदी आली.

उशीर कसा कमी झाला?

उपाय दोन बाजूंनी आले. पहिला टर्बोकडून. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये दाखवलेल्या ९९ टर्बोमध्ये मुद्दाम छोटे टर्बो वापरले. छोटे चक्र हलके असते, थोड्या धुरानेही लवकर फिरू लागते. कमाल ताकदीचा हव्यास सोडून रोजच्या फेऱ्यांमध्ये ओढ मिळावी, हा त्यामागचा विचार होता. आजच्या बहुतेक टर्बो गाड्या याच विचाराच्या वारसदार आहेत. नंतर साबनेच इंजिनातले नॉकिंग 'ऐकणारा' सेन्सर वापरून टर्बोचा दाब आपोआप कमी-जास्त करण्याची सोय केली. पोर्शेने १९९५ मध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी दोन छोटे बसवले. धुराच्या वाटेतली पाती उघडझाप करून चक्राला योग्य जोर देणारे टर्बोही आले. डिझेल गाड्यांत ते आता सर्रास असतात.

दुसरा उपाय चाकांकडून आला. त्याच १९९५ च्या ९११ टर्बोमध्ये ताकद चारही चाकांना वाटली गेली. म्हणजे पगार दोन टायरऐवजी चार टायरांचा झाला. त्याच वर्षी मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत बॉशची ईएसपी ही यंत्रणा आली. गाडी घसरू लागली की ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कमी करते. माणसाला जिथे सेकंद लागतो, तिथे तिला काही मिलिसेकंद पुरतात. जुन्या ९३० च्या चालकाला जे स्वतःच्या मांडीच्या स्नायूंवर करावे लागे, ते आता संगणक करतो.

आपल्या रस्त्यावर

टर्बो आता आपल्याकडे परका नाही. पुण्याजवळ रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनमध्ये १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि इतर कंपन्यांच्या लहान गाड्यांतही एक लिटरची टर्बो इंजिने आहेत. त्यांची ताकद बेताची असते आणि इंजिन, ब्रेक, टायर यांचा मेळ घालूनच त्या बाजारात येतात. बाजारात येण्याआधी गाडीच्या अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय ही एक. या चाचण्या आहे तशा गाडीच्या असतात. नंतर गॅरेजमध्ये टर्बो बदलला, दाब वाढवला किंवा संगणकातली इंजिनाची आज्ञावली बदलली, म्हणजेच 'रिमॅप' केली, की ती गाडी चाचणी झालेली गाडी राहत नाही.

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय अपघात झाला आणि गाडीत न कळवलेला बदल निघाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो. दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

ज्यांच्याकडे कंपनीची टर्बो गाडी आहे, त्यांना तीन साध्या गोष्टी उपयोगी पडतील. ओव्हरटेक करताना योग्य गिअर आधीच टाकावा. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर पाय दाबून ताकदीची वाट पाहत समोरच्या गाडीच्या दिशेने जाऊ नये. घाटातल्या वळणाआधी वेग कमी करावा, वळणात पाय एकदम दाबू नये आणि एकदम उचलूही नये. पावसाळ्यात तर नाहीच. लांबचा चढ चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसेच चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या दांड्याभोवतीचे तेल जळत नाही.

वेगाची हौस वाईट नाही. ती भागवण्यासाठी शर्यतीची मैदाने आहेत, तिथे कडेला खडी असते, शिकवणारे असतात, हेल्मेट असते आणि समोरून एसटी येत नसते. ९३० चे आजचे मालकही त्या गाडीबद्दल आदराने बोलतात. तिने ताकद दिली, पण ती कधी येणार हे सांगितले नाही. घरचा गिझर चटका देऊन सोडतो. रस्त्यावर मात्र तेवढ्यावर भागत नाही.